घासलेली कड

३ सप्टेंबर, मंगळवार

नंदीच्या गळ्यात मेडल!

लाकडाचा नंदी, चाकांवरचा, हातभर उंच. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि गळ्यात घुंगरांच्या मधोमध लाल गोफात ओवलेलं चांदीचं पदक. तान्हा पोळा होता. कॉलनीतली सगळी पोरं आपापले नंदी ओढत मैदानात आली होती. मला परीक्षक केलं होतं. गुडघे दुखतात म्हणून खुर्ची दिली, आणि खुर्ची दिलीच आहे म्हणून परीक्षक.

नंदी वेदश्रीचा. चार घरं सोडून राहणाऱ्या प्रफुलची मुलगी. मी पदक हातात घेतलं. एका बाजूला सहावा जॉर्ज राजा. उलटवलं — मुकुट, पानांची माळ, आणि मधे इंग्रजीत: रणांगणावरील शौर्यासाठी.

तीस वर्षं पदकं गोळा करतोय. लोक येतात, 'आमच्या आजोबांचं शौर्यपदक' म्हणून रुमाल सोडतात. निघतात हजेरीची — लढाईच्या काळात हा माणूस फौजेत होता, एवढंच सांगणारी. मी तसं सांगितलं की घरचे नाराज होतात, चहा न घेता उठतात. आणि आज खरं निघालं ते लाकडाच्या बैलाच्या गळ्यात!

कड पाहिली. शिपायाचा नंबर, नाव, पलटण कडेवर ठोकलेली असते. कड गुळगुळीत. एक अक्षर नाही.

पहिलं बक्षीस वेदश्रीला दिलं. तिच्यापेक्षा चांगले नंदी होते.

५ सप्टेंबर, गुरुवार

प्रफुल संध्याकाळी आला. पदक रुमालात. मला वाटलं विकायला आला. तसं असतं तर बरं झालं असतं.

गोष्ट अशी. त्यांचं मूळ घर अल्लीपूरला. दुसऱ्या लढाईत तिथले दोघे सख्खे भाऊ फौजेत गेले. थोरले तानबा, धाकटे कवडू. तानबा पंचेचाळीस साली ब्रह्मदेशात नाहीसे झाले. कवडू परत आले, शेती केली, म्हातारे होऊन गेले. प्रफुल हा कवडूंचा नातू. तानबांचा नातू बंडूजी, तो गावातच शेती करतो. पदक तेव्हापासून कवडूंच्या घरच्या देवघरात. दसऱ्याला दोन्ही घरं एकत्र येतात, विळे-पावशी-कुऱ्हाडीबरोबर त्याचीही पूजा होते. गावात त्याला बिल्लाच म्हणतात. पोळ्याला गावी गेले, तिथून वेदश्रीनं हट्ट करून तो नंदीसाठी आणला. कोणत्या भावाला मिळाला? कोणीच कधी नीट सांगितलं नाही.

आता ग्रामपंचायत रस्त्यावर कमान बांधते आहे. कमान उभी झाली, 'वीर' लिहून झालं, पुढची जागा कोरी आहे. आचारसंहिता लागायच्या आत दसऱ्याला उद्घाटन उरकायचं आहे. प्रफुल म्हणतो कवडू लिहा, बंडूजी म्हणतो तानबा.

"काका, तुम्ही सांगाल ते दोन्ही घरांना मान्य," प्रफुल म्हणाला.

हे वाक्य ऐकत मी नोकरी संपवली. भूमी अभिलेखात मोजणीदार होतो. बांधावर दोन भाऊ, मधे मी. मोजणी होईपर्यंत दोघांनाही सगळं मान्य असतं. मोजणी झाली की दोघंही माझ्यावर अर्ज करतात.

नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं, ठेवून जा.

६ सप्टेंबर

लग्न झाल्यापासून लीनाची जीभ तशीच. म्हणते, "तुम्ही रिटायर झालात हे अल्लीपूरला कळवलं नाही वाटतं कोणी."

८ सप्टेंबर, रविवार

घरात गणपती, काल-आज पाहुण्यांची रीघ. दुपारी जरा शांत झाल्यावर पदक घेऊन खिडकीशी बसलो.

काळ काढणं सोपं गेलं. राजाच्या नावापुढे हिंदुस्थानचा सम्राट ही पदवी आहे, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीचं. त्यातही ह्या जातीचं पदक हिंदी शिपायांना चव्वेचाळीसपासूनच मिळायला लागलं. म्हणजे चव्वेचाळीस ते शेहेचाळीस. आणि तानबा पंचेचाळीसपर्यंत होते. मेल्यावर हे पदक देत नसत, पण शिफारस आधी गेली असेल तर मिळून जाई. थोडक्यात, दोघांपैकी कोणाचंही. काळ काढला आणि काही सुटलं नाही.

मग कड. प्रफुल म्हणाला होता, दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून घासतात, त्यात नाव गेलं असेल. मलाही तसंच वाटलं होतं. अशी पदकं पाहिली आहेत, भक्तीनं झिजलेली. पण मग राजाचं नाक का शाबूत? कानाची पाळी, मिशी नसलेला तो वरचा ओठ, सगळं जिथल्या तिथे. अक्षरांच्या खाचेत हळदकुंकू बसलंय. चिंचेनं चेहरा सोडला आणि कडच खाल्ली?

भिंग लावलं. कडेवर बारीक ओरखडे. सगळे एकाच दिशेला, तिरके.

कानस आहे ही. नाव गेलेलं नाही, घालवलंय.

भिंग ठेवून दिलं. गणपतीपुढे आरतीला उभा राहिलो, लक्ष लागलं नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

माझीच जीभ. प्रफुलला कानशीचं सांगून बसलो. त्यानं ते गावात पोचवलं. आज बंडूजी मोटरसायकलवर हजर! पन्नाशीचा रापलेला गडी. पिशवीभर वांगी आणली होती, ती लीनाला दिली, माझ्याकडे पाहिलं नाही. आधी अर्धा राग याचा की देवघरातली वस्तू खेळण्याच्या गळ्यात घातली. मग मुद्द्यावर आला.

"काकाजी, बिल्ला ज्याच्या घरी राह्यला, त्यानंच घासला. दुसरं कोन घासन? आमच्या बुढ्याचं नाव होतं, म्हनून घासला."

मी म्हटलं, पुरावा नाही. तो म्हणाला, आजीनं — म्हणजे तानबांच्या बायकोनं, लीलाबाईंनी — नवऱ्याचा फोटोसुद्धा पाहिला नाही नंतर. फोटोच नव्हता. बिल्ल्याला हळदकुंकू मात्र मरेपर्यंत पहिलं तिचं.

तो गेल्यावर प्रफुलचा फोन. त्याचं उलटं. म्हणे बंडूजीचे वडील इंग्रजी शिकले, त्यांनी नाव वाचलं, आपल्या बापाचं नाही हे दिसलं, आणि कानस मारली.

दोन्ही बाजू सारख्याच पटतात. हे नेहमीचं आहे. बांधावरसुद्धा दोघंही खरं बोलतायत असंच वाटायचं.

१४ सप्टेंबर

दोघांचेही फोन. उचलले नाहीत.

१९ सप्टेंबर, गुरुवार

अल्लीपूरला जाऊन आलो. आता पाय वर करून लिहितोय, लीनानं गुडघ्याला तेल लावून दिलं.

कवडूंची बायको आहे अजून! आनंदाबाई. नव्वदीच्या पुढच्या. त्यांनी निरोप धाडला, बिल्ला पाहणाऱ्याले घेऊन ये. प्रफुलनं सुटी टाकली, वायगाववरून बसनं गेलो. सोयाबीन पिवळं पडत आलंय. गावाच्या तोंडाशी ती कमान दिसली. 'वीर' आणि पुढे नुसता चुना.

आनंदाबाई ओसरीत बाजेवर. डोळे चांगले, कान चांगले, फक्त पाय गेलेत. माझ्यापेक्षा तब्येत बरी. मी त्यांना आजीच म्हटलं, माझं वय काय झालंय ते विसरून. त्यांनी प्रफुलला साखर आणायला दुकानात पिटाळलं. साखर घरात होती, डबा समोर दिसत होता.

मग बोलल्या. सांगताना माझ्याकडे नाही, दाराकडे पाहत होत्या.

त्या लग्न होऊन आल्या तेव्हा बिल्ला देवघरात होताच. कोणाचा म्हणून विचारलं तर कवडूजी म्हणत, घराचा. लीलाबाई तेव्हा तरुण, एक लहान मुलगा पदरी. त्याच घरात राहत होत्या, एकाच चुलीवर. तो मुलगा मोठा झाला, हिंगणघाटला इंग्रजी शिकायला लागला. एका दिवाळीला सुटीत आला आणि म्हणाला, फौजेच्या बिल्ल्यावर कडेला नाव असतं, मास्तरांनी सांगितलं. आणा, आईला वाचून दाखवतो. लीलाबाई पदर सावरून पुढे येऊन बसल्या. कवडूजी म्हणाले, आज नको, उद्या.

त्या दुपारी आनंदाबाई गोठ्याकडे गेल्या.

"मी पाह्यलं त्यायले. ढेपीच्या पोत्यावर बसून घासून राह्यले होते. घामानं डबडबले होते. मी मांगच्या मांग आली."

दुसऱ्या दिवशी मुलानं बिल्ला उलटासुलटा केला, काही दिसलं नाही. कवडूजी म्हणाले, घासून घासून गेलं असेल.  लीलाबाई उठून चुलीशी गेल्या.

"त्याच दिवशी काऊन घासन कोनी?" आनंदाबाई मला म्हणाल्या. "भावाचं नाव असन म्हनूनच न? नाईतर पोराले वाचू द्याले काय होतं?"



नवऱ्याला त्यांनी कधी विचारलं नाही. तो मरणाला टेकला तरी विचारलं नाही. मेलेल्या भावाचं नाव चोरणाऱ्याबरोबर संसार केला, असं मनात धरून बसल्या. गावात लोक कवडूजींना बिल्लेवाले म्हणायचे, तेव्हा ते खाली मान घालून निघून जायचे. त्या खाली मानेचा अर्थही त्यांनी तोच लावला. लीलाबाईंच्या शेवटच्या आजारात सगळं अंगावर घेतलं, दोन वर्षं, का ते कोणाला सांगितलं नाही.

प्रफुल साखर घेऊन येताना दिसला. आनंदाबाईंनी माझं मनगट धरलं. पकड चांगलीच आहे.

"कमानीचं मले काई नाई भाऊ. मी मराच्या आंधी मले समजू द्या. फक्त मले सांगजा."

परतीच्या बसमध्ये प्रफुल विचारत होता, आजी काय म्हणाली. म्हटलं, गुडघ्याचं औषध सांगत होत्या.

२० सप्टेंबर

लीनाला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "वाचता येत नाही म्हणून सांगा. खोटंही नाही ते."

खोटं नाही खरं. पण पूर्ण खरंही नाही. नाव ठोकताना खालची चांदीसुद्धा दाबली जाते. वरची कानशीनं काढली तरी खालची दाबलेली राहते. पातळ तेजाब लावलं तर दोन्ही जागा सारख्या खात नाही, तेवढ्यापुरती अक्षरं वर येतात. येतील किंवा नाही येणार. मी एकदाच करून पाहिलंय, तेही तांब्यावर.

आणि आलीच वर, तर तानबा. मलाही दुसरं काही सुचत नाही. त्या बाईला जाऊन सांगायचं की होय, तुमचा नवरा चोर होता?

नागपूरचा एक दलाल मागे लागला होता, हजेरीच्या पदकाला शौर्याचं म्हणून सही द्या. दिली नाही. त्यानं नाद सोडला, आता नवीन माल आला की मला दाखवतही नाही. नोकरीतही तसंच. हद्दीचा दगड जिथे निघेल तिथे. कोणाचा हलवला नाही, कोणासाठी हलवला नाही. त्याबद्दल फार शिव्या खाल्ल्या. आता या वयात 'दिसत नाही' म्हणून सुटावं असं वाटतंय. कंटाळा आलाय खरं निघण्याचा.

२६ सप्टेंबर, गुरुवार

धनंजय सराफाच्या दुकानात गेलो. पितृपक्ष, सोन्याला गिऱ्हाईक नाही, माश्या मारत बसला होता. तेजाबाचं ऐकून म्हणाला, "श्रीधरजी, जरा जास्त झालं तर कड सगळी फुटाण्यासारखी होईन. त्यापरीस वाटी बनवून देतो." मग मात्र खणातून हातमोजे काढले. चांगला माणूस आहे. मोडीत आलेली पदकं मुशीत टाकण्याआधी मला फोन करतो.

कापसाच्या बोळ्यानं थोडं लावलं, पुसलं, बॅटरी आडवी धरली. आकडे आले! एक तीन, एक सात, पुढे धुकं. शिपायाचा नंबर. तो दोघांपैकी कोणाचा हे कोणाला माहीत? पुढे नाव सुरू होणार होतं. धनंजय बोळा घेऊन तयार.

म्हटलं, राहू दे आज. डोळे दुखतायत.

१ ऑक्टोबर

गेलो नाही. काही कारण नाही. जावंसं वाटत नाही.

प्रफुलचा फोन: कमानीवाला रंगारी थांबलाय. बंडूजीचा फोन: रंगारी थांबलाय. एवढं एक तरी दोघांचं जमतं.

५ ऑक्टोबर, शनिवार

के.

टी नाही. के. पुढे अक्षरं मोडलेली, शेवटी यू. बोळा तीनदा फिरवला, धनंजयला बघायला लावलं, भिंग बदललं. के. कवडू.

वाळलं तशी पुसट होत गेली. घरी आणेपर्यंत कड पुन्हा पांढरी, किंचित खरखरीत.

माणसानं स्वतःचं नाव घासलं.

रात्री जेवण गेलं नाही. लीनानं विचारलं, काय निघालं? म्हटलं, आधी त्यांना सांगतो ज्यांनी विचारलंय.

८ ऑक्टोबर, मंगळवार

एकटाच गेलो. प्रफुल कचेरीत, त्याला कळवलं नाही. त्याचे आईवडील शेतात, सोयाबीन कापणीला. आनंदाबाई बाजेवर तशाच.

सरळ सांगितलं. नाव तानबाजींचं नव्हतं. कवडूजींचंच होतं.

त्यांना आधी समजलं नाही. पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हनजे त्यायनं सोताचंच पुसलं."

हो म्हटलं.

 अंगणात सोयाबीनच्या ताडपत्रीवर कोंबड्या शिरल्या होत्या, हाकलायचं त्यांना सुचलं नाही. मीच उठून हाकलल्या. परत येऊन बसलो तेव्हा डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि पुसत नव्हत्या.

लीलाबाई पदर सावरून बसल्या होत्या ना, ते कवडूजींना बघवलं नसेल, म्हणाल्या. भाऊ तिकडेच राहिला, आणि बिल्ला यांना. कोणत्या तोंडानं पोराला वाचू द्यावं? तिला एवढी तरी आशा राहू दे.

"मले सांगाचं होतं न. मी काय कोनाले सांगतलं असतं? मी त्यायच्या ताटात कधी मनापासून वाढलं नाई, भाऊ. वाढलं सगळं. पन मनापासून नाई."

 मी त्यांचा हात धरून बसलो. परक्या बाईचा हात असा कधी धरला नाही आयुष्यात.

निघताना विचारलं, अजून कोणाला सांगितलं? म्हटलं, नाही, घरीसुद्धा नाही. बरं केलं म्हणाल्या. दसऱ्याला बिल्ला घेऊन या, तुमच्याच हातानं देवघरात ठेवा. बंडूलाही बोलावते. सगळ्यांसमोर मीच सांगीन.

म्हटलं, बरोबर आहे. तुमचाच हक्क.

बसमध्ये उभं राहावं लागलं. गुडघा आठवला नाही. इतकं खरं, इतकं चांगलं काही मला कधी सापडलं नव्हतं. कमानीवर कवडूजींचं नाव येणार, लोक खालून जाणार. तीस वर्षांचं सार्थक झालं असं वाटलं, आणि वाटू दिलं.

१२ ऑक्टोबर, दसरा

अल्लीपूर. दोन्ही घरं जमली. बिल्ला चौरंगावर ठेवला. आनंदाबाईंना बाजेसकट आत आणलं. सगळे गप्प झाल्यावर त्या बंडूजीकडे पाहून म्हणाल्या, "तुह्या आज्याचंच नाव होये त्याच्यावर. तानबाजीचं. साहेबानं वाचलं." आणि माझ्याकडे पाहिलं.

प्रफुलनंही पाहिलं. सगळ्यांनीच.

मी हो म्हटलं.

नोकरीत कधी कोणाचा दगड हलवला नाही. आज हलवला.